बॅगांजवळचा माणूस

जेवणं आटोपली, टेबल पुसून झालं आणि सुनेने सहलीचा विषय काढला. अप्पा नेहमीच्या जागी, म्हणजे चर्चेच्या किंचित बाहेर, संत्रं सोलत बसले होते.

"पहिल्या दिवशी डोंगरावरून पॅराग्लायडिंग," सून म्हणाली. "दुसऱ्या दिवशी नदीत रबरी होडी. तिसऱ्या दिवशी जमलं तर दोरीला लटकून दरी ओलांडायची. उडायला आम्ही दोघं. आई फोटो काढतील. आणि बॅगांजवळ अप्पा आहेतच."

अप्पांच्या हातात साल तशीच लोंबत राहिली. वाक्यात तसं लागण्यासारखं काही नव्हतं. सून स्वभावाने गोड, सासऱ्यांचा चष्मा न सांगता पुसून ठेवणारी. पण 'आहेतच' असं माणूस कशाबद्दल म्हणतो? डब्यात मीठ आहेच. दारामागे केरसुणी आहेच. त्याच चालीवर, बॅगांजवळ अप्पा आहेतच.

आणि ते खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. या कुटुंबाने प्रवास पुष्कळ केला होता आणि अप्पा प्रत्येक प्रवासात होते. समुद्र, धबधबा, गुहा, किल्ला, प्राणिसंग्रहालय, कशाला ते गेले नव्हते असं नाही. फक्त प्रत्येक ठिकाणी ते बॅगांजवळ होते. त्यामुळे त्यांच्या प्रवासवर्णनाला स्वतःची अशी एक दृष्टी आली होती. प्रसिद्ध गुहांविषयी कुणी विचारलं तर ते सांगत, "बाहेर एक दगडी बाकडं आहे, सकाळी अकरानंतर त्यावर सावली येते." धबधब्याचा आवाज चांगला होता. वाघाचा वास आला होता.

"मी पण उडणार आहे," अप्पा म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. त्यात कुणाचा दोष नव्हता. अप्पांची नोकरी सगळी सार्वजनिक वाचनालयात गेली. 'शांतता राखा' ही पाटी तिथे होती, पण तिची गरज नव्हती. ग्रंथपालांकडे, म्हणजे अप्पांकडे, नुसतं पाहिलं तरी लोकांचा आवाज खाली जाई. अशा जागी आयुष्य काढलेल्या माणसाचा आवाज एका टेबलापुरता उरतो. आणि हे जेवणाचं टेबल वाचनालयातल्या टेबलापेक्षा मोठं होतं.

ते पुन्हा म्हणाले. तोवर विषय जीपच्या भाड्यावर गेला होता. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मुलगा पाणी प्यायला थांबला होता, म्हणून ऐकू गेलं.

"कुठे उठणार आहात अप्पा? बसा ना. संत्रं खा."

"उडणार आहे," अप्पा म्हणाले. "डोंगरावरून."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. तिचं नाव या गोष्टीत येत नाही, कारण अप्पा तिला कधी नावाने हाक मारत नसत. ते 'अगं' म्हणत आणि ती 'अहो' म्हणे, आणि एवढ्यावर दोघांचा संसार गैरसमज न होता पार पडला होता. संत्र्याची अर्धी फोड तोंडात टाकून तिने बी काढून ठेवली, आणि त्यावरून अप्पांना कळलं की विषय इथे संपलेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः त्या कंपनीला फोन लावला.

"वय?" पलीकडच्या मुलीने विचारलं. अप्पांनी सांगितलं. "चालेल. वजन?" अप्पांनी तेही सांगितलं. मुलीने आकडा पुन्हा विचारून घेतला.

"काका, पन्नास किलोच्या खाली आम्ही घेत नाही. वारा घेऊन जातो."

"कुठे?"

"तेच सांगता येत नाही ना."

शिवाय डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागेल आणि जवळच्या नातेवाइकाची संमती लागेल. जवळचा म्हणजे किती जवळचा, हे अप्पांनी विचारलं. "काही झालं तर ज्यांना आम्ही फोन करू, ते," मुलगी म्हणाली. मुलगी बोलायला अदबशीर होती.

बातमी इमारतीत दुपारपर्यंत पसरली. अप्पांनी ती कुणाला सांगितली नव्हती, पण वजनकाटा जिन्यातून वर नेताना ते तळमजल्यावरच्या काकूंना दिसले, आणि काकूंना एवढा धागा पुष्कळ होता. संध्याकाळी दार वाजलं तेव्हा काकूंच्या हातात खजुराचा डबा होता आणि मागे कर्नल उभे होते.

कर्नल हे सैन्यात नव्हते. ते सिमेंटच्या कारखान्यात हिशेबनीस होते. पण मिशा, ताठ कणा आणि लोकांना कामाला लावण्याची हौस, या तीन गोष्टींवर इमारतीने त्यांना बढती दिली होती आणि त्यांनी ती नाकारली नव्हती.

"वजन दुय्यम आहे," कर्नल म्हणाले. "मुख्य धावणं. टेकडीच्या कडेपर्यंत धावत जायचं असतं. ऐन वेळी पाय थांबला तर संपलं."

"माझ्या चुलत नणंदेच्या दिराचं तसंच झालं," काकू म्हणाल्या.

"ते उडत होते?"

"नाही, ते जिन्यावरून पडले. पण पाय थांबला म्हणूनच."

अप्पांनी खजूर ठेवून घेतले. रोज सकाळी खजूर आणि दूध, दुपारी दोन केळी, रात्री बटाटे, असा कार्यक्रम सुरू झाला. अप्पा निश्चय केला की तो पुस्तकी चिकाटीने पाळणारे. वाचनालयातून त्यांनी हवाई क्रीडांवरची जी होती ती दोन्ही पुस्तकं आणली आणि सवयीप्रमाणे शेवटचं प्रकरण आधी वाचलं. दोन्हींत शेवटचं प्रकरण अपघातांची कारणं हेच होतं. ते मिटून त्यांनी मग पहिलं प्रकरण काढलं, त्यात माणसाला उडण्याची ओढ पुराणकाळापासून आहे असं होतं. अप्पांना हायसं वाटलं. आपण परंपरेत आहोत.

धावण्याचा सराव इमारतीखालच्या वाहनतळाच्या उतारावर घ्यायचा असं कर्नलांनी ठरवलं. पॅराग्लायडरच्या कापडाची सवय व्हावी म्हणून अप्पांच्या पाठीला डबल बेडची चादर बांधली. कर्नल मागे चादरीची दोन टोकं धरून, अप्पा पुढे, आणि 'चला' म्हटलं की उतारावरून धावत फाटकापर्यंत. सकाळी सहाला, लोक उठायच्या आत.

पहिले काही दिवस ठीक गेले. लोक उठायच्या आत हे मात्र खरं नव्हतं, दुसऱ्या मजल्यावरचे विमावाले रोज चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहत आणि अप्पा फाटकाशी पोचले की विचारत, "अप्पा, पॉलिसी काढून ठेवायची का?" अप्पा खाली मान घालून चढ चढून परत येत. एका सकाळी मात्र वारा सुटला. चादर फुगली. कर्नलांच्या हातून एक टोक सुटलं आणि अप्पांना पाठीमागून कुणीतरी बखोट धरून ओढल्यासारखं झालं. पुस्तकात लिहिलं होतं की या क्षणी धावणं थांबवू नये. अप्पांनी थांबवलं नाही. चादर इमारतीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरच्या आरशात अडकली, स्कूटर शेजारच्या स्कूटरवर कलली, ती तिच्या शेजारच्या सायकलवर, आणि सगळं शांत झालं तेव्हा अप्पा फाटकाशी उभे होते आणि त्यांच्या पाठीला अर्धी चादर होती.

सेक्रेटरी खाली आले. ते रागीट नव्हते, नियमाने वागणारे होते, आणि ते जास्त वाईट. "हे नेमकं काय म्हणून नोंदवायचं?" त्यांनी विचारलं.

"सराव," कर्नल म्हणाले.

दोन दिवसांनी लिफ्टशेजारी सूचना लागली: 'वाहनतळाच्या उतारावर पाठीस चादर अथवा तत्सम कापड बांधून धावण्यास सभासदांस मनाई आहे.' सभासद अनेक होते, पण सूचना वाचून सगळे एकाच दाराकडे बघत. अप्पा त्या दिवसापासून लिफ्टऐवजी जिना वापरू लागले. त्यात आणि आधीच्या धावण्यात एवढे खजूर जिरले की महिन्याच्या शेवटी काटा होता तिथून अर्धा किलो खाली आला.

डॉक्टर घरचेच होते. इतकी वर्षं त्यांनी अप्पांचा फक्त खोकला पाहिला होता.

"उडण्यास योग्य असं मी कसं लिहू?" ते म्हणाले. "मागच्या वर्षी तुम्हाला एस्कलेटरवर चक्कर आली होती."

"ती लाज होती," अप्पा म्हणाले. "मागे लोक थांबले होते."

डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, पाठीवर नळी ठेवली, दोन्ही गुडघे ठोकून पाहिले आणि बराच वेळ विचार करून लिहिलं: 'यांना चालण्यास हरकत नाही.' यापुढे एक शब्द लिहायला ते तयार झाले नाहीत. अप्पांनी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला. चालण्यापासून उडण्यापर्यंत फार अंतर नसावं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

राहिली बायकोची सही.

"नाही," ती म्हणाली. ती भाजी निवडत होती आणि तिने मान वर केली नाही. "अहो, तुम्ही कधी माळ्यावर चढलात का? दिवाणखान्यातला दिवा गेला तर आपण शेजारी बोलावतो. आणि डोंगरावरून उडी?"

"उडी नाही. उड्डाण."

"बरं, उड्डाण. माळ्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे आहेत, ते खाली काढून दाखवा. मग बघू."

तिला वाटलं विषय मिटला. अप्पा मात्र शेजारच्या रंगाऱ्याची शिडी मागून घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दारावर माळा होता. पहिल्या पायरीवर त्यांनी डोळे मिटले, मग मिटल्यावर पुढची पायरी दिसत नाही हे लक्षात आल्यावर उघडले, आणि घामाने निथळत, शेवटची पायरी गुडघ्याने चढत ते एकदाचे माळ्यावर पोचले. वर पोचल्याबरोबर रंगारी आला. त्याला दुसऱ्या कामावर जायचं होतं. घरात कुणी दिसलं नाही, बायको दुकानात गेली होती, म्हणून तो आपली शिडी घेऊन गेला.

"अहो," अप्पा म्हणाले. पण एका टेबलापुरतं म्हणाले.

अशा वेळी दुसरा माणूस ओरडला असता, भांडं खाली फेकलं असतं. अप्पांनी गठ्ठा सोडला. वरच्या अंकात एक लेख अर्धा वाचायचा राहिला होता, कित्येक वर्षांपासून. बायको परत आली, तिने आमटी चढवली, कपडे वाळत घातले, आणि अप्पा कुठे गेले म्हणून गॅलरीत डोकावूनही आली. शेवटी डोक्यावर पान उलटल्याचा आवाज झाला म्हणून तिने वर पाहिलं.

"तुम्ही किती वेळ वर आहात?"

"बघायला हवं," अप्पा म्हणाले. "तिसरा अंक चालू आहे."

"भीती नाही वाटली?"

अप्पांनी विचार केला. "आठवण नाही राहिली."

तिने जेवणानंतर सही केली. करताना म्हणाली, "वर ठीक आहे हो. मला काळजी खाली येण्याची आहे." माळ्यावरून उतरताना अप्पांनी तिच्या खांद्यावर पाय दिला होता आणि तिचा खांदा अजून दुखत होता.

तर असे सगळे अडथळे ओलांडून ते चौघं डोंगरावर पोचले. माथ्यावर मोठं गवताळ मैदान होतं, त्याला दरीकडे उतार, आणि उताराच्या टोकाला नुसतं आकाश. लाल, निळी, पिवळी कापडं गवतावर पसरलेली. एक पत्र्याची खोली, तिच्यात एक टेबल, टेबलामागे फोनवरची ती अदबशीर मुलगी. तिने अप्पांचं प्रमाणपत्र वाचलं.

"काका, यात चालण्यास लिहिलंय."

"हो."

"इथे चालायचं कुठे आहे?"

अप्पांनी खिडकीतून उताराकडे बोट दाखवलं. "तिथपर्यंत."

मुलीने त्या बोटाकडे पाहिलं, मग अप्पांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. माणसाने एवढा विचार केलेला असला की सरकारसुद्धा हरतं. ही तर खासगी कंपनी होती.

पण काटा विचार करत नाही. वजन दोन किलो कमी भरलं. सून हळहळली, मुलगा म्हणाला, "अप्पा, तुमचा प्रयत्न तर झाला ना," आणि हे तो इतक्या आपुलकीने म्हणाला की अप्पा काट्यावरून उतरायला विसरले. तेवढ्यात अप्पांना नेणारा पायलट आला. उंच, उन्हाने रापलेला, तिशीचा, सारखं काहीतरी चघळणारा. "दोन किलोच ना?" तो म्हणाला आणि पत्र्याच्या खोलीमागे जाऊन एक कापडी पिशवी घेऊन आला. तिच्यात वाळू होती.

"ही पोटाशी धरायची काका. पट्ट्याला बांधतो, पण हात तिच्यावर ठेवा. वर गेल्यावर सोडायची नाही, काही झालं तरी."

अप्पांनी पिशवीकडे पाहिलं. सबंध महिना त्यांनी ज्या एका गोष्टीपासून सुटण्यासाठी खजूर खाल्ले, उतारावर पळाले, इमारतीत तोंड लपवलं, ती गोष्ट इथे डोंगरावर त्यांची वाट बघत होती. आकाशातसुद्धा त्यांच्याकडे सांभाळायला पिशवी दिली होती. बायको तोंडाला पदर लावून दुसरीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते.

"द्या," अप्पा म्हणाले.

त्यांना पट्टे बांधले, डोक्यावर टोप घातला, पायलट त्यांच्या पाठीशी जोडला गेला. शेजारी थोड्या अंतरावर सुनेलाही दुसऱ्या पायलटला बांधत होते. मुलगा मागे रांगेत होता. सगळ्यांच्या बॅगा, चपला, पाण्याच्या बाटल्या, सुनेची पर्स, मुलाचा चष्मा, एका बाकड्याशी ढीग करून ठेवलेलं, आणि बाकड्यावर बायको.

"आता ऐका," पायलट म्हणाला. "तुम्ही पुढे, मी मागे. मला तुमचं तोंड दिसत नाही. मी विचारणार, 'तयार?' तुम्ही जोरात म्हणायचं, 'तयार.' मग दोघं धावणार. तुमचा आवाज आला नाही तर मी धावत नाही. आमच्यात हा नियम पक्का आहे. मागे एकदा एक पाहुणे मनातल्या मनात नको म्हणत होते."

वारा आला. मागे कापड सळसळत उभं राहिलं.

"तयार?"

"तयार," अप्पा म्हणाले.

काही घडलं नाही. कापड खाली बसलं.

"काका, बोला की."

"बोललो."

पुन्हा वाऱ्याची वाट. पुन्हा कापड उभं. "तयार?" अप्पांनी पोटात श्वास भरला, छाती फुगवली, तोंड उघडलं आणि ओठांपर्यंत आलेला आवाज सवयीने तिथेच मवाळ झाला. वाचनालयात शेजारी कुणी वाचत असेल तर तो दचकू नये, इतका. कापड पुन्हा खाली बसलं.

आता लोक बघायला लागले. रांगेतल्या एकाने घड्याळ पाहिलं. उताराच्या टोकाला झेंडा घेऊन उभा असलेला माणूस ओरडला की वारा फिरतोय, आता घ्या नाहीतर सोडा. अप्पांचे कान तापले. एस्कलेटरवर झालं होतं तसं मागे लोक थांबलेत, ही एकच जाणीव त्यांच्या पाठीवर पसरली. नको, असं मनात आलं. खरोखर आलं. आत्ता कुणी चांगल्या शब्दांत सुचवलं असतं तर ते पट्टे सोडून बाजूला झाले असते.

आणि मुलाने सुचवलं. रांगेतून पुढे येऊन तो हळूच म्हणाला, "अप्पा, राहू द्या. लाज वाटून घेऊ नका. या, आईजवळ बसा. बॅगांजवळ बसा."

"तयार!"

आवाज कुठून आला हे अप्पांना कळलं नाही. तो दरीत गेला, समोरच्या डोंगरावर आपटला आणि परत येऊन पुन्हा सगळ्यांना लागला. पायलट धावला. शेजारचा पायलटही धावला, कारण एवढ्या खणखणीत आवाजानंतर आपल्याच गिऱ्हाइकाला विचारत बसायची त्याला गरज वाटली नाही. सून फोनवर तिच्या आईशी बोलत होती. "हो गं, अजून वेळ आहे," एवढं तिचं वाक्य जमिनीवर झालं आणि पुढचं हवेत.

अप्पा धावले. पाय थांबू द्यायचा नाही. पाय थांबले नाहीत. फक्त काही पावलांनंतर त्यांच्याखाली काही उरलं नाही, तरी अप्पा प्रामाणिकपणे हवेत धावत राहिले. "बास काका," पायलट म्हणाला, "गेलो आपण."

अप्पांनी डोळे उघडले. वाळूची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली होती. तिच्या पलीकडे जग होतं. नदी होती, ती रस्त्यावरून दिसते तशी तुटक नव्हती, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका ओळीत होती. शेतं होती. एका घराच्या छपरावर कुणीतरी लाल मिरच्या वाळत घातल्या होत्या. खाली एक ढगाची सावली चालली होती आणि अप्पा त्या ढगाच्या बाजूने होते. पुस्तकात इथे हवेच्या प्रवाहांची आकृती दिली होती. अप्पांना ती आठवली नाही. वाऱ्याने त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते वाहू दिलं.

"कसं वाटतंय काका?"

अप्पांनी खाली, आजूबाजूला नीट बघून घेतलं. मग म्हणाले, "इकडे बाकडं नाही." पायलटला ते काही कळलं नाही.

वारा फिरला होता, त्यामुळे ते ठरलेल्या मैदानात उतरले नाहीत. ते कोबीच्या शेतात उतरले. पाय वर घ्या असं पायलट ओरडला, अप्पांनी घेतले, आणि वाफ्यांवरून बसल्या बसल्या बरेच घसरत गेले. शेताचा मालक कमरेवर हात ठेवून बांधावर उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून हे पहिल्यांदा घडत नसावं. अप्पांनी उठून, एक गड्डा नीट उभा करून, त्याची मनापासून क्षमा मागितली, आणि आज ती त्याला लांबूनसुद्धा ऐकू गेली.

जीपमधून बायको खाली आली. उतारावरून जवळजवळ धावत आली. केस सुटलेले, पदर खोचलेला. तिने अप्पांना खालपासून वरपर्यंत हात लावून पाहिलं, टोपावरून टिचकी मारून पाहिली, आणि मग थोडं मागे सरून म्हणाली, "मातीने भरलात सगळे."

अप्पा तिच्या हातांकडे बघत होते. हात रिकामे होते.

"बॅगा?"

"वर आहेत."

"कुणाजवळ?"

"कुणाजवळ नाहीत. मी तुम्हाला बघायला पळाले."

अप्पांच्या चेहऱ्यावरचं सगळं आकाश उतरलं. पर्स होती त्यात, चष्मा होता, घराच्या किल्ल्या होत्या. ते जीपमध्ये चढले आणि वर पोचेपर्यंत पुढच्या सीटच्या दांडीला धरून उभे राहिले. माथ्यावर उतरल्याबरोबर ते बाकड्याकडे गेले. बॅगा तिथेच होत्या. पर्स वर, चष्मा पर्सवर, बाटल्या तशाच उभ्या, किल्ल्या बाजूच्या कप्प्यात. लोक ये-जा करत होते. कुणी ढुंकून पाहत नव्हतं. त्यांनी एकूण एक वस्तू तपासली. काहीसुद्धा हललेलं नव्हतं.

हे मात्र अप्पांना झेपलं नाही. ते बाकड्यावर बसले, बॅगांजवळ नव्हे, दुसऱ्या टोकाला.

"म्हणजे कुणी लागतच नाही," ते म्हणाले.

बायको शेजारी बसली. थोडा वेळ तिने केसांतला चिमटा पुन्हा लावला, काढला, पुन्हा लावला.

"लग्नानंतर आपण तळ्यावर गेलो होतो," ती म्हणाली. "तुमची बहीण, भावजी, सगळे होडीत बसले. तुम्ही काठावर उभे. चेहरा पांढरा. सगळे हाका मारतायत आणि तुम्ही चपलेचा बंद बघताय. मग मी म्हटलं, अहो, कुणीतरी पिशव्यांजवळ थांबायला हवं."

"आठवतंय."

"त्यात काय होतं हो? दोन टॉवेल आणि चिवड्याचा डबा. तेव्हापासून तुम्हीच थांबायला लागलात. मला वाटलं, बरं वाटतंय तर वाटू दे. तुम्हाला कुणी विचारायला नको, का येत नाही म्हणून."

अप्पांनी समोर पाहिलं. कर्नल, सेक्रेटरी, चादर, सूचना, खजूर, सगळं एकामागून एक आठवलं आणि त्यांना राग येईल असं वाटलं, पण तो आला नाही. त्यांना फक्त थोडं थंडी वाजल्यासारखं झालं, अंगावरचं पांघरूण कुणीतरी ओढून घेतल्यावर वाजते तशी. इतकी वर्षं ते पांघरूण आहे हेच कळलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही उडाल असं कुठे वाटलं होतं मला?"

खालून मुलगा आणि सून आले. सुनेच्या हातात फोन होता आणि ती अजून तिच्या आईला समजावत होती की आपण सुखरूप आहोत. मुलगाही उडून आला होता. त्याचा चेहरा उजळला होता आणि तो एकदम लहान दिसत होता. तो अप्पांसमोर उभा राहिला. मग खिशातून उद्याचा कागद काढून म्हणाला, "अप्पा, उद्या नदीतली होडी. पाणी जोरात आहे म्हणतात. तुमचं नाव घालू?"

अप्पांनी सवयीने बॅगांकडे पाहिलं. मग बायकोकडे. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती; या वेळी ती काही बोलणार नव्हती. अप्पांना होडीची भीती वाटत होती, तळ्यावर वाटली होती तेवढीच, कदाचित जास्तच, कारण नदी तळ्यासारखी जागेवर थांबत नाही. आणि भीती ठेवायला आता कुठे जागाही उरली नव्हती.

"घाल," ते म्हणाले. "आणि आईचंही घाल."

"अहो," बायको दचकून म्हणाली, "मला पोहता येत नाही."

"मला कुठे येतं?" अप्पा म्हणाले, आणि पर्स, चष्मा, किल्ल्या, बाटल्या बाकड्यावर तशाच सोडून ते पत्र्याच्या खोलीकडे, होडीला किमान वजन लागतं का ते विचारायला निघाले.